चाकामागे चालणारा

करीमभाईंच्या दाराला खाली एक ठोकळा लावलेला असतो. महाडच्या बाजारपेठेतून नदीच्या अंगाला उतरताना डाव्या हाताला त्यांचं घर. दार जुनं, जड, वाऱ्यानं आपटतं, म्हणून तो ठोकळा. लाकडाचा. एका बाजूला वीतभर जाड, दुसरीकडे उतरत गेलेला, पाचरीसारखा. कडेनं लोखंडाची पट्टी मारलेली, ती गंजून काळी पडलेली. वर एक कडी, हात घालून उचलता यावा अशी. वहाणा काढताना माझा अंगठा त्याच्यावर आपटला. तोंडात शिवी आली होती, तेवढ्यात आतून करीमभाई म्हणाले,

"सांभाळून. तुमच्याच आज्याचा हाय तो."

ही गोष्ट गेल्या मंगळवारची. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. पडवीत बसतो, उठतो, अंगणात जातो, पेंढ्याच्या उडवीला फेरी मारतो, परत येतो. सून म्हणते, "आबा, पायांना भिंगरी बांधलीय काय?" तिला काय सांगू. बसलो की आजा येऊन समोर उभा राहतो. समोर म्हणजे खरं तर मागं. तो कधी कुणाच्या समोर उभा राहिलाच नाही.

महाडला मी गेलो होतो भांडायला. नातीनं आणलेला कागद खोटा ठरवायला.

त्याचं असं झालं. पोलादपूर सोडून वर, घाटाच्या तोंडाशी आमची वाडी. तिथल्या देवळाला नवा मंडप झालाय. मुंबईकर मंडळींनी ठरवलं, मंडपात काळा दगड बसवायचा आणि प्रत्येक घरातला वाडीत पहिला आलेला माणूस कोण, काय करायचा, ते त्यावर कोरायचं. आमच्या घरातला पहिला माणूस माझा आजा, राघो. आमची ओळ तर तयारच होती. ‘रायगडाच्या महादरवाजावरील पहारेकऱ्यांच्या घराण्यातले.’ ही ओळ मी साठेक वर्षं सांगत आलोय. लग्नात सांगितली, मयतात सांगितली. एकदा हिरकणीवाडीला रोपवेच्या रांगेत उभा असताना ओळख ना पाळख अशा पुण्याच्या माणसांना सांगितली. पाचाडला झुणका-भाकर वाढणाऱ्या बाईला सांगितली, तिनं कौतुकानं आणखी एक भाकर वाढली. गडाच्या दरवाजात मी एकदा डोकं टेकवून रडलोसुद्धा आहे.

माझी नात सुजाता महाडात नोकरीला असते. हल्ली जो उठतो तो जुने कागद काढतो, तसे तिनंही काढले. माझ्या बापाच्या जन्माची नोंद सापडली, मोडीतली. मोडी वाचणाऱ्याकडून वाचून घेतली. रविवारी आली, आधी चहा केलान, मग पिशवीतून कागद काढला.

"आबा, रागावू नका."

"रागावण्यासारखं हाय?"

"बापाचं नाव राघो. आणि धंदा लिहिलाय, घाटात गाड्यांच्या मागे दगड देणे."

"चुकीचं वाचलंन त्यानं."

"दोघांकडून वाचून घेतलं, आबा."

"मग लिहिणारा चुकला."

"त्याला काय पडलं होतं खोटं लिहायचं?"

"आणि मला काय पडलं होतं?"

तिनं कागदाची घडी घातली. म्हणाली, महाडच्या एका व्यापाऱ्याच्या गाड्या पूर्वी घाट चढायच्या, त्यांच्या घरात अजून एक म्हातारे आहेत, करीमभाई, त्यांना माहीत असेल. मी म्हटलं, मीच जातो. मला कुणी सोबत नको. तिनं त्यांना फोनवर तेवढं सांगून ठेवलं. मंगळवारी सकाळच्या एसटीनं गेलो आणि तिथं त्या ठोकळ्यानं माझा अंगठा फोडला.

करीमभाई माझ्याहून चार वर्षांनी मोठे. उभा जन्म कुवेतला काढला, आता गुडघ्यांना तेल लावत बसतात. त्यांच्या भिंतीवर माणूसभर उंचीवर पुराच्या पाण्याची मळकट रेघ आहे, रंग देऊनही वर येते. म्हणाले, त्या पाण्यात पलंग गेला, कपाट गेलं, हा ठोकळाही गेला होता, चार दिवसांनी मागच्या गल्लीत चिखलात सापडला.

"दासगावला होड्यांतून मीठ यायचं, सुकी मासळी यायची. ती आमच्या गाड्यांतून वर जायची, आंबेनळी घाटानं. येताना गूळ, मिरच्या, बटाटे. मी शाळकरी होतो तेव्हा शेवटच्या दोन-तीन गाड्या उरल्या होत्या. पण तुमच्या राघोबाला मी चांगला ओळखतो."

"दगड द्यायचा म्हणजे काय?"

"दगड म्हणायचे, असायचा हा. घाटात बैल दमले की थांबतात. थांबले की गाडी मागं येते, वजनानं. गाडीवान पुढं बसलेला, त्याला मागचं दिसत नाय. तेवढ्या एका दमात ह्यो ठोकळा चाकाखाली गेला पाहिजे. आधी दिलात तर बैलांना हिसका बसतो, ते बिथरतात. उशीर झाला तर चाक ठोकळ्यावरनं जातं, आणि हात असतो खाली. घाटाला लागलेला माणूस वर पोचेपर्यंत वाकूनच. कधी उभा राहायचा तर बैल उभे राहिले की."

"एवढं जमायचं कसं?"

"कानानं. चाकाचा आस कुरकुरतो ना, ती कुरकूर बारीक झाली की ओळखायचं, बैल आता थांबणार. तुमच्या आज्याला बैलांच्या आधी कळायचं म्हणे. आमचे अब्बा त्याला बैलांपेक्षा जपायचे. म्हणायचे, बैल बाजारात मिळतात."

ते हसले. मी हसलो नाही. माझ्या डोक्यात कसली तरी कडी निघाली होती आणि एकेक दार आपोआप उघडत चाललं होतं. मला ती बंद करायची होती. होईनात.

पहिलं आठवलं ते जेवण. पावसाळ्यात, आषाढ-श्रावणात, वाडीभर धुकं. चुलीचा धूर कौलांतून बाहेर जायलाही आळस करायचा, घरातच लोंबकळायचा. ओल्या घोंगडीचा वास, भिजल्या गुरांचा वास, तव्यावर सुकटीचा वास. आजा पाटावर, पुढ्यात नाचणीची भाकर. आणि तेवढ्यात समोरच्या डोंगरावर, धुक्यात न दिसणाऱ्या रस्त्यावर, एखादा ट्रक चढायला लागायचा. आज्याचा घास हातात थांबायचा. मान किंचित डावीकडे कलायची. ट्रकचा आवाज वळणावर अडकायचा, घुसमटायचा, आणि आज्याचा उजवा हात, भाकरीचा तुकडा धरलेला, जमिनीकडे जायला लागायचा. मग ट्रक वळण पार करायचा, आवाज मोकळा व्हायचा. आजा घास तोंडात घालायचा. आई म्हणायची, "मामंजींना वाहनांची भीती वाटते." आम्हीही तेच म्हणायचो. मी त्याची नक्कल करायचो, हात थांबवून, मान कलवून. सगळे हसायचे. आजाही हसायचा.

दुसरं, दगड. आमच्या घरात कुठलीही वस्तू नुसती ठेवलेली नसायची. हंड्याला दगड, पाळण्याच्या पायाला दगड, उखळाला, खाटेला, कोंबड्यांच्या खुराड्याला. आमची जमीन उताराची, पण एवढीही उताराची नव्हे. आजा बसायला पाट घ्यायचा तर आधी उताराच्या बाजूला चपटा दगड सारायचा, मग बसायचा. गाय व्यायली की वासरू उभं राहायला धडपडतं, तेव्हा आजा त्याच्या मागच्या खुरांशी हात लावून बसायचा. त्याला पकडायचा नाही, उचलायचा नाही, नुसता हात मागं. एकदा घसरला खूर की तळहातावर येऊन थांबायचा.

माझ्या टाचांमागंही तो हात असायचा. फाल्गुन-चैत्रात भाताच्या रोपांसाठी वर राब भाजायला जायचो, तेव्हा कातळावरची वाट सुकलेल्या गवतानं निसरडी. राबाच्या धुराचा वास अजूनही कुठून आला की मला टाचांमागं ऊब लागते. आजा वाकून, जवळजवळ रांगत, माझ्या मागं. मी म्हणायचो, "आजा, पुढं हो ना रे, लोक बघतात." तो म्हणायचा, "तू चल. मी हाय."

तो कायम मागंच. वरातीत मागं, दिंडीत मागं, बाजारातून येताना सगळ्यांच्या मागं. एसटीत बसवला तर शेवटच्या बाकावर, तोंड मागच्या काचेकडं. शिमग्याला पालखी वरच्या आळीत चढते, तो चढ उभा आहे. ढोल वाजतोय, गुलाल उडतोय, पळसाची फुलं पायाखाली चिरडून वाट नारिंगी झालेली, आणि आजा पालखीच्या मागं हातात एक चपटा धोंडा घेऊन. खांदेकरी दम खायला थांबले की शेवटच्याच्या टाचेमागं धोंडा. वाडीत सगळे थट्टा करायचे. वरच्या आळीचा धोंडू, माझ्याच वयाचा, तेव्हापासून जिभेचा तिखट, ओरडायचा, "राघोबा, देव मागं नाय येत, जाऊ दे त्याला!" मला लाज वाटायची. मी ढोलवाल्यांच्या पुढं जाऊन नाचायचो, आजा दिसणार नाही इतका पुढं.

आणि दर दिवाळीनंतर आजा महाडला जायचा. एकटा. चालत. दुसऱ्या दिवशी परत यायचा तेव्हा पिशवीत मीठ असायचं आणि कागदात बांधलेला खजूर. हातांना एरंडेलाचा वास. मऊ, चकचकीत झालेले हात. खजूर आम्ही पोरं झोंबून खायचो. तो कुठून आला, का आला, महाडात आजा रात्रभर कुणाकडं राहिला, हे आमच्या घरात कुणी विचारलेलं मला आठवत नाही. खजूर गोड होता, एवढंच आठवतं.

मग गड कुठून आला? सहा दिवस मी हेच उगाळतोय. आज्यानं कधी गडाचं नाव काढलं नाही. बाप मुंबईला गोदीत, वर्षातून दोनदा यायचा, तो बोलायचाच कमी. मला वाटतं, चौथीच्या पुस्तकात मी गड बघितला आणि शाळेतून घरी येईपर्यंत तो आमचा झाला. धोंडूचा आजा पाटलाच्या घोड्यापुढं चालायचा, असं धोंडू सांगायचा. मला त्याच्याहून वरचढ कायतरी पाहिजे होतं.

आता जे लिहायचं ते लिहायला हात उचलत नाही. पण लिहिणार.

मी सतराचा होतो. शाळा केव्हाच सुटलेली. पोलादपुरात एका ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो. मोठी ऐट होती मला, केबिनमध्ये बसायचं, डिझेलचा वास, काचेवर फडकं मारायचं. सहाव्या दिवशी आंबेनळीत वळणावर इंजिन तापलं. ड्रायव्हर ओरडला, "उतर! दगड लाव!" मी उडी मारली, हाताला लागेल तो धोंडा उचलला आणि मागच्या चाकाखाली ढकलला. गाडी धोंड्यावरनं गेली. धोंडा बंदुकीतून सुटल्यासारखा दरीत. गाडी मागं मागं जात कडेच्या कातळाला घासून थांबली. कुणाला लागलं नाही. ड्रायव्हर खाली उतरला, मागचं चाक बघून आला. म्हणाला, "तुझ्या बापजाद्यांनी तरी कधी चाकाला दगड दिलाय काय रे?"

मी म्हटलं, "आमचे बापजादे गडावर होते." आणि फडकं त्याच्या अंगावर टाकून घाट उतरलो.

घरी आलो तेव्हा सगळे जेवायला बसले होते. आजाही. मी उंबऱ्यातूनच सुरू झालो. "नाय जाणार परत. चाकाखाली दगड लावणं माणसाचं काम हाय? कुत्र्याचं काम हाय ते, गाडीच्या मागं धावायचं. आम्ही काय त्यासाठी जन्मलो?"

आई म्हणाली, "बरं केलंस. हात धू."

आजा माझ्याकडं बघत होता. म्हणाला, "कुठल्या वळणावर?"

मी सांगितलं.

"धोंडा गोल होता की चपटा?"

"काय माहीत."

"गाडी थांबायच्या आधी लावलास की मागं यायला लागल्यावर?"

तेव्हा मी म्हटलं, "आजा, तुला काय कळतंय त्यातलं!"

आज्यानं भाकरीचा उरलेला तुकडा ताटात ठेवला, हात धुतले आणि बाहेर गेला. रागावला नाही. मी तर विसरूनही गेलो. पुढं मी शेती केली, आंब्याची कलमं लावली, आणि माझ्या गडाच्या गोष्टीला दरवर्षी नवी कौलं चढवत राहिलो.

हे मी करीमभाईंना सांगितलं नाही. एवढं कुणाला सांगायची मला सवय नाही. पण मी विचारलं, "तो इथं यायचा दिवाळीनंतर?"

"दर वर्षी. गाड्या बंद झाल्या, ट्रक आले, तरी यायचा. इथंच बसायचा, दाराशी. अब्बा आत बोलवायचे, तो म्हणायचा, इथंच बरा. ठोकळा मांडीवर घ्यायचा आणि एरंडेल चोळत बसायचा. लाकडाला, पट्टीला, कडीला. सकाळपासून दुपारपर्यंत. अब्बा समोर खुर्ची टाकून बसायचे. दोघं बोलायचे. कुठल्या वळणावर काय झालं होतं, कुठला बैल कसा होता. अब्बा आम्हाला हाक मारायचे, अरे, बसा इथं, ऐका, ह्या माणसानं आपल्या गाड्या वर नेल्यात. आम्ही बसायचो. काय हसवायचा! भरली गाडी चिखलात रुतली तेव्हा गाडीवानानं देवाचं नाव घेतलं आणि बैलांनी शेण टाकलं, ती गोष्ट तर आम्ही दर वर्षी मागून घ्यायचो."

आमच्या घरात आज्यानं कधी कुणाला हसवलेलं मला आठवत नाही.

"शेवटचा आला ते मला चांगलं आठवतं," करीमभाई म्हणाले. "मी त्याच वर्षी कुवेतला निघालो होतो. अब्बा म्हणाले, राघोबा, नातवाला आण ना एकदा, त्यालाही कळू दे. तर म्हणाला, नको. त्याला नाय आवडत."

"एवढंच म्हणाला?"

"एवढंच. हसूनच म्हणाला. मग खजूर बांधून मागितला, नातवासाठी."

त्यांच्या सुनेनं चहा आणला होता, त्यावर साय धरली. बाहेर रिक्षा, टेम्पो, कुणी तरी कुणाला तरी पुढं घे, पुढं घे म्हणून ओरडत होतं. करीमभाईंनी पायानं ठोकळा माझ्याकडं सरकवला.

"घेऊन जा. तुमचाच हाय."

"नको," मी म्हटलं. "तुमचं दार आपटेल."

एसटीत खिडकीशी बसलो आणि पोलादपूर येईपर्यंत मी स्वतःशी भांडत होतो. सांगायचं की नाही? तो स्वतः घरात बोलला नाही. त्याला नको असेल. असं माझं एक मन म्हणत होतं, आणि ते मन मला चांगलं ओळखीचं होतं, त्यानंच चौथीच्या पुस्तकातून गड उचलून आणला होता. पण तो बोलला नाही, हेही खरं नाही. रोज माझ्या डोळ्यांपुढं हंड्याला दगड लावत होता, घास थांबवत होता. तीन प्रश्न विचारलेन मला, तीनही त्याच्या आयुष्याचे. आणखी कसं बोलायचं त्यानं?

गुरुवारी सुजाताचा फोन आला. मी तिला करीमभाईंचं सांगितलं. सगळं नाही. ती म्हणाली, "आबा, वाटत असेल तर जुनीच ओळ राहू द्या. मी कागद कुणाला दाखवला नाही. कुणाला कळणार आहे?"

"तुला कळलंय ना?"

"मी कुणाला बोलणार नाही."

"तेच म्हणतोय, ह्या घरात कुणी बोलतच नाय," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग परत उठलो, अंगणात गेलो. हंड्याखाली आता दगड नाही, सिमेंटचा ओटा आहे. तरी वाकून बघितलं.

काल रविवारी दुपारी सगळे मंडपात जमले. मुंबईहून माझा पुतण्या सदानंद आलेला. सोमवारी दगड कोरायला जाणार, म्हणून शेवटचं वाचून दाखवायचं होतं. पंखे लागले होते, सरबत फिरत होतं. सदानंद एकेक ओळ वाचत होता. सरदारांचे विश्वासू. किल्ल्याचे कारभारी. पाटलांच्या घोड्यापुढचे, हे धोंडूचं, त्यात आता घोडदळ आलं होतं. आमच्या एका वाडीत इतके सरदार निघाले की भात कोण लावत होतं ते कळेना.

आमची ओळ आली. महादरवाजा म्हणताना सदानंदाचा आवाज जरा चढला.

"सदा, ती खोड," मी म्हटलं.

"काका, आता? उद्या कोरायला जायचंय."

"म्हणून तर आज सांगतोय."

धोंडू भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "काय रे, पहारा उठला वाटतं?" चार माणसं हसली. साठ वर्षं तो हेच म्हणत आलाय, तुझ्या आज्याच्या वेळी गडावर माकडांशिवाय होतं तरी कोण. साठ वर्षं मी त्याला उत्तर देत आलोय. काल दिलं नाही.

"लिव," मी सदानंदाला म्हटलं. "राघो. आंबेनळी घाटात मालाच्या गाड्यांच्या मागं चालून चाकाला ठोकळा द्यायचे."

सदानंद माझ्या कानाशी आला. "काका, आपल्या घरातली पोरं आज कुठं कुठं आहेत. पोरींच्या सासरची माणसं येणार उद्घाटनाला. जरा विचार करा. बरं, असं करू, ‘वाहतूक व्यवसाय’ लिहू?"

"वाहतूक बैलांनी केली. माझा आजा मागं होता. होता तसं लिव."

"लोक हसतील."

"मी हसलोय आधी. लोकांचं काय घेऊन बसलास?"

त्यानं लिहिलं. लिहिताना ओठ आवळून लिहिलं. मग वाचून दाखव म्हटलं तर हळू वाचायला लागला. मी म्हटलं, मघाच्या आवाजात वाच. त्यानं वाचलं. आज्याचं नाव आणि आज्याचं काम एका दमात कुणी तरी मोठ्यानं म्हणत होतं, बहुतेक आमच्या वाडीत पहिल्यांदाच. बायकांच्या बाजूला सुजाता बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, पदराशी कायतरी करत राहिली.

धोंडूलाच राहवलं नाही. "पण म्हणजे करायचा काय रे नक्की? धोंडा टाकायचा नि झालं?"

त्याच्या आवाजात नेहमीचा तिखटपणा होता. पण खाली कुठं तरी खरंच विचारणंही होतं. मी सांगायला तोंड उघडलं. गाडी चढते, बैल दमतात, आस कुरकुरतो. माझं मलाच ते पोरकट वाटायला लागलं. ते बसून सांगायचं कामच नव्हतं.

मी उठलो. खुर्ची मागं सारली. सुजाता अर्धी उठली, तिला हातानं बस म्हटलं. मंडपाच्या मधोमध गेलो आणि कंबरेतून वाकलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांत मी देवाशिवाय कुणापुढं एवढा वाकलो नव्हतो. डावा खांदा खाली सोडला, उजवा हात जमिनीलगत धरला, मान डावीकडं कलवली. लहानपणी नक्कल करून करून ती मान मला पाठ होती. आणि नवीन फरशीवर, सगळ्या सरदारांच्या मधून, मी चालायला लागलो. एक पाऊल. दुसरं. गुडघे बोलत होते.

"आबा, पुरे," सून म्हणाली.

कुणी तरी हसलं. धोंडू असेल, दुसरं कुणी असेल. मान वर करून बघायची सोय नव्हती. गाडी चढावर होती.